खंडकऱ्यांचा आवाज : कॉ. माधवराव गायकवाड

श्रीरामपूर तालुक्यात प्रवरेच्या काठी वसलेल्या बेलापूरचे नाव साखरधंद्याच्या इतिहासात कोरले गेले ते 'बेलापूर कंपनी'मुळे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या भागात कालव्याचे पाणी आले. मात्र ऊस पिकविण्याइतके भांडवल सामान्य शेतकऱ्याजवळ नव्हते. अनेकांनी आपल्या जमिनी दीर्घ मुदतीच्या खंडाने कंपनीला दिल्या. हेच पुढे 'खंडकरी' म्हणून ओळखले जाऊ लागले.

मुदत संपताच जमीन परत मिळेल, ही त्यांची अपेक्षा १९६१ च्या कमाल जमीनधारणा कायद्याने फोल ठरविली. खासगी कारखान्यांकडील अतिरिक्त जमिनी सरकारजमा झाल्या. उसाचा पुरवठा खंडित होऊ नये, म्हणून या जमिनी एकत्रित राखण्याची तरतूद कायद्याच्या कलम २८ मध्ये होती. १९६३ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र राज्य शेती महामंडळाकडे त्या सोपविण्यात आल्या. मोठ्या धारणांना आळा घालणाऱ्या कायद्याची झळ अशी लहान मालकांनाही बसली.

बेलापूरहून जाणाऱ्या लोहमार्गावरील मनमाडचे कम्युनिस्ट कार्यकर्ते माधवराव गायकवाड यांनी हा प्रश्न हाती घेतला. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत आघाडीवर राहिलेल्या गायकवाडांनी विधान परिषदेत विरोधी पक्षनेतेपद भूषविले. मनमाडचे ते नगराध्यक्षही होते. १९८५ मध्ये नांदगाव मतदारसंघाने त्यांना विधानसभेवर पाठविले.

जमीन कायद्याने गेली होती. ती परत मिळण्याचा मार्गही कायद्यातूनच जाणार होता. त्यामुळे मोर्चे आणि मेळावे यांच्या जोडीला विधिमंडळातील पाठपुरावा, कायद्यातील दुरुस्तीची मागणी आणि न्यायालयीन लढाई अपरिहार्य ठरली. निवडणुका आल्या, सरकारे बदलली. पण गायकवाडांनी हा प्रश्न सोडला नाही. अखेर कायद्यात दुरुस्ती होऊन २०१२ पासून जमीनवाटपास गती मिळाली. तोवर जमीन खंडाने देणाऱ्या पिढीतील बहुतेक जण काळाच्या पडद्याआड गेले होते. सात-बारा उताऱ्यावर नाव लागले ते वारसांचे. महामंडळाच्या मळ्यांवर आयुष्यभर राबलेल्या कामगारांच्या घरांचा आणि थकीत देण्यांचा प्रश्नही या वाटपाबरोबर ऐरणीवर आला.

नोव्हेंबर २०१८ मध्ये गायकवाड यांचे निधन झाले. संसदीय राजकारणाचा उपयोग चळवळीच्या तडीसाठी कसा करावा, याचा वस्तुपाठ म्हणून खंडकऱ्यांच्या लढ्याकडे पाहिले जाते.