मार्सेल्सचा धक्का आणि आश्रयाचा हक्क

मार्सेल्सच्या बंदरातील सावरकरांची उडी महाराष्ट्रात ठाऊक नाही असा माणूस विरळा. शाळेच्या वयात आपण ती ऐकतो आणि पुढे आपल्या मुलांना सांगतो. सांगता सांगता गावोगावच्या व्याख्यात्यांनी त्या समुद्राची रुंदी दरसाल थोडी थोडी वाढवीत नेली आहे. मी लहानपणी ऐकलेल्या एका व्याख्यानात तर सावरकर रात्रभर पोहत होते! वस्तुतः ‘मोरिया’ बोट बंदरात आलेली होती आणि पोर्टहोल व धक्का यांमध्ये पाणी होते ते थोडेच. ह्याने त्या साहसाला उणेपणा येत नाही. परंतु ह्या उडीचे कौतुक करताना आपण तिच्यानंतरच्या काही मिनिटांकडे दुर्लक्ष करतो, आणि इतिहासाच्या दृष्टीने महत्त्व आहे ते ह्या मिनिटांना. धक्क्यावर पाय टेकल्यापासून पुन्हा बोटीवर नेले जाईपर्यंत सावरकर कोण होते? पळालेला कैदी, की फ्रान्सच्या आश्रयाला आलेला राजकीय निर्वासित? ह्या प्रश्नासाठी दोन महासत्तांना हेगच्या लवादापुढे जावे लागले.

हे थोडेसे पाणी एवढे मोलाचे का होते, ते प्रथम पाहू. 13 मार्च 1910 रोजी सावरकरांना लंडनच्या व्हिक्टोरिया स्टेशनवर अटक झाली, ती 1881 च्या पळपुट्या गुन्हेगारांच्या कायद्याखाली. हा कायदा साम्राज्याचा घरगुती कायदा होता. साम्राज्याच्या एका भागातील आरोपी दुसऱ्या भागात सापडला तर त्याला परत धाडायचे, एवढाच त्याचा हेतू. गुन्हा राजकीय असला तर धाडू नये, अशी सवलत त्यात नव्हती. म्हणून लंडनच्या न्यायालयांत झालेली सारी झुंज व्यर्थ गेली आणि 1 जुलैला ‘मोरिया’ त्यांना घेऊन निघाली. फ्रान्सची गोष्ट मात्र निराळी. इंग्लंड व फ्रान्स यांच्यामध्ये 1876 चा प्रत्यार्पणाचा तह होता आणि राजकीय गुन्ह्यासाठी कोणाला स्वाधीन करावयाचे नाही, असे त्यात बंधन होते. शिवाय, ज्यांना स्वाधीन करावयाचे त्यांच्यासाठीही सरकारामार्फत मागणी, कागदपत्रे, चौकशी असा रीतसर मार्ग होता. थोडक्यात, ते पाणी ओलांडताच माणूस एका कायद्यातून दुसऱ्या कायद्यात जात होता. बॅरिस्टरीचा अभ्यास केलेल्या सावरकरांना हे कोणी शिकवावयास नको होते.

आणि हा आश्रयाचा धर्म काही एकट्या फ्रान्सचा नव्हता. त्याचा सर्वांत मोठा अभिमान कोणी बाळगला असेल तर तो इंग्लंडने. मॅझिनी लंडनला राहिला, मार्क्स लंडनला राहिला. 14 जानेवारी 1858 रोजी पॅरिसमध्ये ऑर्सिनीने तिसऱ्या नेपोलियनच्या गाडीवर बाँब टाकले. ते बाँब इंग्लंडमध्ये तयार झाले होते आणि कटातील एक सहकारी, डॉ. सिमोन बर्नार, लंडनमध्ये होता. फ्रान्स संतापले. पामर्स्टनने फ्रान्सची समजूत काढण्यासाठी पार्लमेंटात एक विधेयक आणले. पार्लमेंटाने ते फेटाळले आणि त्याला पंतप्रधानपद सोडावे लागले! बर्नारवर लंडनमध्ये खटला झाला, आणि इंग्रज ज्यूरीने त्याला निर्दोष सोडले. परदेशच्या बादशहाला खूश करण्यासाठी आम्ही आमच्या आश्रिताचा बळी देणार नाही, हा त्या ज्यूरीचा भाव होता. पुढे पन्नास वर्षांनी त्याच लंडनमध्ये बसून सावरकरांनी मॅझिनीचे चरित्र मराठीत आणले, आणि तेथूनच वीस ब्राउनिंग पिस्तुले हिंदुस्थानात पाठविल्याचा आरोप त्यांच्यावर आला. बर्नारवरचा आरोप आणि सावरकरांवरचा आरोप शेजारी शेजारी ठेवून पाहावेत. साम्य डोळ्यांत भरण्याजोगे आहे. फरक एवढाच की, ह्या वेळी ज्याच्यावर शस्त्र उगारले गेले तो परका बादशहा नव्हता.

आता धक्क्यावर येऊ. 29 जूनलाच लंडनच्या पोलीस कमिशनराने पॅरिसच्या पोलीस खात्याला कळविले होते की, अमुक कैदी अमुक बोटीने जात आहे, त्याचे साथीदार त्याला सोडविण्याचा प्रयत्न करतील, तरी बंदोबस्त असावा. त्याप्रमाणे 7 जुलैला बोट मार्सेल्सला लागताच फ्रेंच पोलिसांचा एक अधिकारी बोटीवर जाऊन भेटून आला. 8 जुलैच्या सकाळी सावरकर शौचकूपाच्या पोर्टहोलमधून बाहेर पडले, धक्क्यावर चढले आणि धावू लागले. मागून बोटीवरची माणसे धावली. समोर भेटला सागरी पोलिसांचा एक फ्रेंच हवालदार. आपल्याला मॅजिस्ट्रेटपुढे न्यावे असे सावरकरांनी त्याला सांगण्याचा प्रयत्न केला, पण एकाची भाषा दुसऱ्याला समजेना, असे चरित्रकार लिहितात. हवालदाराने त्यांना धरले आणि बोटीवरच्या माणसांच्या साहाय्याने परत बोटीवर नेऊन सोडले. कोठे नोंद नाही, चौकशी नाही, मॅजिस्ट्रेट नाही. दुसऱ्या दिवशी, 9 जुलैला, ‘मोरिया’ निघून गेली.

ह्या हवालदारावर आजवर पुष्कळ राग काढला गेला आहे. मला तो अस्थानी वाटतो. त्याच्यापुढे एक ओलाचिंब, उघडा माणूस धावत होता आणि मागून लोक ‘धरा, धरा’ म्हणत येत होते. अशा माणसाने आश्रय मागितला तर काय करावे, कोणाकडे न्यावे, दुभाषी कोठून आणावा, ह्याचा एकही नियम त्याला कोणी दिलेला नव्हता. फ्रान्सजवळ आश्रयाचे तत्त्व होते. 1793 च्या राज्यघटनेतच स्वातंत्र्यासाठी देशोधडीस लागलेल्या परकीयांना आश्रय देण्याचे वचन होते. परंतु ते तत्त्व धक्क्यावरच्या शिपायापर्यंत पोहोचविणारी पद्धत नव्हती.

बातमी फुटली तेव्हा पॅरिसमध्ये गहजब झाला. जोरेस यांच्या ‘ल्युमानिते’ पत्राने प्रकरण लावून धरले. मार्क्सचा नातू झां लाँगे हा त्यात पुढे होता आणि मादाम कामांची खटपट पाठीशी होती. फ्रेंच सरकारने कैदी परत मागितला, इंग्लंडने नाकारला. 1904 पासून दोघांची नवी मैत्री जुळलेली. ती एका हिंदी तरुणासाठी मोडावी असे कोणालाच वाटत नव्हते. तेव्हा 25 ऑक्टोबर 1910 रोजी करार होऊन वाद हेगच्या लवादाकडे सोपविण्यात आला.

इकडे मुंबईत मात्र कोणी थांबले नाही. 1908 च्या कायद्याखाली नेमलेल्या तीन न्यायाधीशांच्या खास न्यायालयापुढे, म्हणजे ज्यूरी नाही आणि अपीलही नाही अशा न्यायालयापुढे, खटला सप्टेंबरातच सुरू झाला होता. मुख्य न्यायाधीश सर बेसिल स्कॉट, नारायणराव चंदावरकर आणि हीटन हे ते तिघे. आरोपीला फ्रान्सच्या भूमीवरून बेकायदा आणले आहे, हा आक्षेप घेण्यात आला. न्यायालयाने उत्तर दिले की, आरोपी आमच्यासमोर उभा आहे. तो येथवर कसा आला हे पाहणे आमचे काम नाही. सावरकरांनी आपण फ्रान्सच्या आश्रयाचे अधिकारी आहो असे सांगून खटल्यात भाग घेण्याचे नाकारले. ह्या सगळ्या प्रकरणात खुद्द त्यांनी हा हक्क सांगितल्याचे जे थोडे प्रसंग आहेत त्यांत हा एक, आणि तो सांगितला गेला अशा न्यायालयात की ज्याला तो ऐकण्याचा अधिकारच नव्हता. 23 डिसेंबर 1910 रोजी एक जन्मठेप झाली. 30 जानेवारी 1911 रोजी जॅक्सनच्या खुनास साहाय्य केल्याबद्दल दुसरी. हेगला सुनावणी सुरू व्हायची होती ती फेब्रुवारीत!

हेगला पाच पंच बसले: बेल्जमचे बेर्नार्ट अध्यक्ष, फ्रान्सचे लुई रनो, इंग्लंडचे लॉर्ड डेसार्ट, नॉर्वेचे ग्राम आणि हॉलंडचे लोमान. बेर्नार्ट व रनो हे दोघेही शांततेच्या नोबेल पारितोषिकाचे मानकरी. 14 फेब्रुवारीला काम सुरू झाले, 17 ला संपले आणि 24 फेब्रुवारी 1911 रोजी निर्णय मिळाला. लवादापुढे प्रश्न एकच होता: सावरकरांना इंग्लंडने फ्रान्सच्या स्वाधीन करावे की नाही? पंचांनी म्हटले, दोन्ही बाजूंच्या पोलिसांत आधीच सहकार्य ठरले होते. फसवणूक किंवा बळजबरी झालेली नाही. सर्वांनी सद्भावाने काम केले. बोट दुसऱ्या दिवसापर्यंत बंदरात असताना फ्रेंच अधिकाऱ्यांनी हवालदाराचे कृत्य नाकारले नाही. पकडून देण्यात अनियमितपणा झाला हे त्यांनी मान्य केले. मात्र परकीय अधिकाऱ्याच्या चुकीने हाती आलेला कैदी परत करावा असा आंतरराष्ट्रीय कायद्याचा नियम नाही, असा निवाडा दिला.

ह्या निवाड्यावर त्या काळी युरोपातही टीका झाली. चूक कबूल करावयाची आणि चुकीचे फळ चुकीच्या लाभधारकाकडेच राहू द्यावयाचे, हे न्यायबुद्धीला खटकते. पण मला त्यातील दुसरीच गोष्ट अधिक खटकते. सबंध कामात सावरकर हे पक्षकार नव्हते. त्यांच्या वतीने तेथे कोणी वकील नव्हता. त्यांचे आयुष्य पणाला लागले होते, परंतु वाद चालला होता तो फ्रान्सच्या सार्वभौमत्वाचा. आश्रय देण्याचा हक्क राज्याचा. राज्याच्या नोकराने तो गमावला, तर आश्रिताने तक्रार कोणाकडे करावी? आपल्याकडेही शरणागताला अभय देणे हा यजमानाचा धर्म मानला गेला. शिबीने तो पाळला. 1681 मध्ये औरंगजेबाचा बंडखोर मुलगा अकबर आश्रयाला आला तेव्हा संभाजीराजांनीही त्याला ठेवून घेतले. परंतु धर्म यजमानाचा, हक्क शरणागताचा नव्हे. 1911 च्या युरोपचे शास्त्र ह्यापुढे फारसे गेलेले नव्हते. डोंगरीच्या तुरुंगात सावरकरांना हा निर्णय कळला, आणि 4 जुलै 1911 रोजी ते अंदमानला पोहोचले.

ह्या उणिवेची भयंकर किंमत पुढे मोजावी लागली, आणि योगायोग असा की, तीही पुन्हा मार्सेल्सलाच. 1940 च्या जूनमध्ये फ्रान्स पडले. 22 जूनच्या तहनाम्याच्या एकोणिसाव्या कलमात, जर्मनी ज्यांची नावे देईल ते जर्मन फ्रान्सने स्वाधीन करावेत, अशी अट होती. हिटलरपासून पळालेली हजारो माणसे तेव्हा मार्सेल्सला येऊन परवाने आणि बोटी शोधीत होती. त्यांत हिल्फर्डिंग व ब्राइटशाइड हे जर्मन समाजवादी पुढारी होते. हिल्फर्डिंग तर दोनदा जर्मनीचा अर्थमंत्री झालेला. फेब्रुवारी 1941 मध्ये फ्रेंच अधिकाऱ्यांनी दोघांना जर्मनांच्या हाती दिले. हिल्फर्डिंग पॅरिसमध्ये गेस्टापोच्या कोठडीत मेला, ब्राइटशाइड 1944 मध्ये बुखेनवाल्डच्या छावणीत. ह्या वेळी कोणा हवालदाराची गैरसमजूत झाली नव्हती. राज्याने आपला हक्क सही करून सोडून दिला होता.

म्हणून युद्धानंतर शब्द बदलले. 1946 च्या फ्रेंच घटनेच्या प्रास्ताविकात, स्वातंत्र्यासाठी केलेल्या कार्यामुळे ज्याचा छळ होतो त्याला आश्रयाचा हक्क आहे, असे लिहिले गेले. आता हक्क माणसाचा. 1948 च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात मात्र काटकसर झाली. आश्रय ‘मागण्याचा व मिळण्याचा’ हक्क असा मूळ मसुदा होता. इंग्लंडच्या सूचनेवरून तो ‘मागण्याचा व उपभोगण्याचा’ झाला. देण्याची सक्ती कोणावरही राहिली नाही. 1951 च्या जिनिव्हा करारानेही ती घातली नाही. परंतु त्याच्या तेहतिसाव्या कलमाने, जेथे जीवाला वा स्वातंत्र्याला धोका आहे तेथे निर्वासिताला परत लोटू नये, असे बंधन घातले. आणि एकतिसाव्याने, धोक्यातून सरळ आलेल्या माणसाने त्वरित हजर होऊन कारण सांगितले तर केवळ बिनपरवाना आल्याबद्दल त्याला शिक्षा करू नये, असे म्हटले. 1967 च्या पुरवणी कराराने ह्याची काळाची मर्यादा काढली. हिंदुस्थानने ह्या दोहोंवरही सही केलेली नाही. मात्र 1996 साली चकमा निर्वासितांच्या प्रकरणात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने घटनेचे एकविसावे कलम परकीयालाही लागू आहे असे बजावले.

परत लोटू नये असे म्हटले की, आधी ऐकून घेणे ओघानेच आले. फ्रान्सने 1952 मध्ये निर्वासितांसाठी निराळे कार्यालय काढले. आश्रय मागणारा आपली हकिगत सांगतो, अधिकारी दुभाष्यामार्फत त्याला प्रश्न विचारतात, नकार मिळाल्यास वर अपील आहे. सीमेवर अडविलेल्याचीही हकिगत, ती उघड निराधार आहे काय हे पाहण्यापुरती का होईना, ऐकली जाते. ह्या यंत्रात दिरंगाई आहे, अविश्वास आहे, आणि आज युरोपची राज्ये माणूस किनाऱ्याला लागूच नये म्हणून समुद्रातच पहारे बसवितात, हेही खरे.

मग सावरकरांना ह्या पद्धतीने आश्रय मिळाला असता काय? आपण मराठी माणसे उत्तर चटकन देऊन मोकळे होऊ. पण जिनिव्हा करारातच एक वगळणी आहे: ज्याने आश्रयापूर्वी गंभीर अराजकीय गुन्हा केला असे मानण्यास सबळ कारण आहे, त्याला हे संरक्षण नाही. इंग्लंडच्या वकिलाने जॅक्सनचा खून आणि वीस पिस्तुले पुढे मांडली असती. सावरकरांच्या वकिलाने बर्नारच्या खटल्याचे कागद काढून, इंग्रज ज्यूरीने अशाच प्रसंगी काय केले ते वाचून दाखविले असते. मादाम कामांची साक्ष झाली असती. खास न्यायालयात ज्यूरी नाही, अपील नाही, हा मुद्दा तर पहिल्याच दिवशी निघाला असता. निकाल कोणत्या बाजूला गेला असता हे मी सांगू शकत नाही. पण त्याला काही महिने लागले असते, आणि तोपर्यंत ‘मोरिया’ त्यांच्यावाचून पुढे निघून गेली असती.