कागदघडीची भूमिती

कागदघडीची भूमिती : पट्टी, कंपास वा कात्री न घेता केवळ घड्या घालून कागदावर रेषा, कोन व आकृत्या मिळवण्याची रीत, तसेच अशा घड्यांना लागू पडणाऱ्या नियमांचा अभ्यास. जपानी ओरिगामीशी (‘ओरी’ म्हणजे घडी, ‘कामी’ म्हणजे कागद) तिचे नाते जवळचे आहे. घडीकलेचा उगम नेमका कोठे झाला याविषयी मतभेद आहेत. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः गणिताचा विचार केला आहे.

घडी आरशासारखे काम करते. एक बिंदू दुसऱ्यावर ठेवून कागद दाबला की त्या दोन बिंदूंना जोडणाऱ्या रेषाखंडाचा लंबदुभाजक उमटतो. एक कड दुसरीवर बसवली की कोन दुभागतो. कागदी होडी करताना मूल चौथ्या-पाचव्या वर्षीच या दोन्ही रचना करते, फक्त त्यांची नावे त्याला ठाऊक नसतात.

*टी. सुंदर राव यांचे पुस्तक.* या विषयावरचे पहिले महत्त्वाचे पुस्तक भारतात लिहिले गेले. मद्रास इलाख्यातील सरकारी अधिकारी टी. सुंदर राव (इंग्रजी मुखपृष्ठावर ‘रो’) यांचे ‘जिऑमेट्रिक एक्सरसाइझेस इन पेपर फोल्डिंग’ हे पुस्तक १८९३ साली मद्रास येथे प्रसिद्ध झाले. बालवाडीतील मुलांसाठी मिळणाऱ्या रंगीत चौकोनी कागदांच्या संचावरून ही कल्पना सुचल्याचे त्यांनी प्रस्तावनेत नमूद केले आहे. साधन म्हणून त्यांना कागदाखेरीज एक चाकू आणि समान अंतरे घेण्यासाठी कागदाचे कपटे एवढेच लागते. चौरस व समभुज त्रिकोणापासून सुरुवात करून ते पंचकोन, षट्कोन, अष्टकोन, श्रेढी असे टप्पे घेत वर्तुळ, अन्वस्त (पॅराबोला), विवृत्त आणि अपास्तापर्यंत पोचतात.

जर्मन गणिती फेलिक्स क्लाइन यांनी प्राथमिक भूमितीतील प्रसिद्ध प्रश्नांवरील आपल्या व्याख्यानांत या पुस्तकाचा उल्लेख केला. त्या व्याख्यानांचे इंग्रजी भाषांतर करणारे बेमन आणि स्मिथ यांना पुस्तकाचा पत्ता लागला तो तेथे. त्यांनी १९०१ मध्ये शिकागोच्या ओपन कोर्ट प्रकाशनातर्फे त्याची अमेरिकी आवृत्ती काढली आणि तीत रेखाकृतींऐवजी प्रत्यक्ष घडी घातलेल्या कागदांची छायाचित्रे छापली. आपल्या शालेय भूमितीत या पुस्तकाला मानाची जागा मिळायला हवी होती. ती मिळाली नाही.

अन्वस्ताची त्यांची कृती येथे देणे आवश्यक आहे. कागदावर एक बिंदू (नाभी) घ्यावा आणि कागदाची एक कड नियता मानावी. कडेवरील एक बिंदू उचलून नाभीवर ठेवावा, घडी नखाने दाबावी, कागद उलगडावा. मग कडेवरचा पुढचा बिंदू घ्यावा. दहा-पंधरा घड्यांनंतर कागदावर एक वाकडी किनार दिसू लागते. ती कोणी काढलेली नसते. सरळ घड्यांच्या गर्दीतूनच ती तयार होते. यातील प्रत्येक घडी अन्वस्ताची स्पर्शिका असते, हे सुंदर राव यांनी नोंदवले आहे.

तरीही दोनच्या घनमुळाची रचना घडीने होणार नाही असा त्यांच्या विवेचनाचा कल होता, आणि कोनाचे त्रिभाजन त्यांनी अंदाजानेच केले. नवकोनासाठी तेवढे पुरते असे त्यांनी मानले. इटालियन गणिती मार्गेरिता बेलोक यांनी १९३६ मध्ये दाखवले की दोन बिंदू एकाच वेळी दोन दिलेल्या रेषांवर आणणारी एक घडी घालता आली, तर या दोन्ही प्रश्नांमागचे त्रिघाती समीकरण सुटते. ही घडी म्हणजे दोन अन्वस्तांची सामाईक स्पर्शिका. सुंदर राव यांच्या हाती एक अन्वस्त आणि त्याच्या स्पर्शिका आधीपासून होत्या. दुसरे अन्वस्त त्याच कागदावर घेण्याचे तेवढे राहिले होते. प्रस्तुत लेखकाला या विषयाच्या इतिहासातील ही सर्वांत हळहळ लावणारी जागा वाटते.

*त्रिभाजन.* कंपास व पट्टीने प्रत्येक कोनाचे तीन समान भाग करता येतीलच असे नाही, हे १८३७ मध्ये वांझेल यांनी सिद्ध केले. घडीने ते करता येतात. हिसाशी आबे यांची १९८० ची कृती अशी : चौरसाच्या डाव्या खालच्या कोपऱ्यातून कोनाची भुजा घडीने उमटवावी. खालच्या कडेला समांतर अशा दोन घड्या घालाव्यात. पहिली जेवढ्या उंचीवर, दुसरी तिच्या दुप्पट उंचीवर. आता तो कोपरा पहिल्या घडीवर आणि दुसऱ्या घडीचे डावे टोक कोनाच्या भुजेवर, असे दोन्ही एकदम बसवावे. कोपरा जेथे टेकतो तो बिंदू मूळ कोपऱ्याशी जोडला की खालच्या कडेपासून एक-तृतीयांश कोन मिळतो. दोन्ही बिंदू एकाच वेळी बसवताना कागद थोडा सरकतो. पातळ कागद उजेडासमोर धरल्यास काम सोपे होते.

*हागा यांची घडी.* जीवशास्त्रज्ञ काझुओ हागा यांची रचना शाळेत शिकवण्यास सर्वांत योग्य. २४ सेंमी. बाजूचा चौरस घ्यावा, खालचा उजवा कोपरा वरच्या कडेच्या मध्यावर ठेवून घडी दाबावी. वर उजवीकडे ९, १२ व १५ सेंमी. बाजूंचा काटकोन त्रिकोण तयार होतो, म्हणजे ३:४:५. दुमडून वर आलेली खालची कड डाव्या कडेला वरून बरोबर १६ सेंमी.वर छेदते, म्हणजे त्या कडेचे न मोजता तीन भाग पडतात.

*नियमसंच.* एका घडीने काय काय साधते याचे सात नियम जाक जस्टिन (१९८६) आणि हुमिआकी हुझिता यांच्या नावे ओळखले जातात. हुझिता यांनी सहा मांडले होते.

*सपाट घडी.* सपाट दुमडलेला कागद पूर्ण उलगडल्यावर त्याच्या आतल्या भागात जेथे घड्या एकत्र येतात, त्या बिंदूभोवती डोंगरघड्या (वर उठलेल्या) व दरीघड्या (खाली दबलेल्या) यांच्या संख्येत नेहमी दोनचा फरक असतो (मायेकावा), आणि एकाआड एक कोनांची बेरीज १८० अंश भरते (कावासाकी). हे एका बिंदूपुरते झाले. घड्यांची संपूर्ण जाळी सपाट दुमडेल का, हे ठरवणे संगणकालाही अवघड आहे, असे बर्न व हेज यांनी १९९६ मध्ये सिद्ध केले.

*उपयोग.* कोर्यो मिउरा यांच्या घडीने दुमडलेला सौर पट्ट १९९५ मध्ये जपानच्या ‘स्पेस फ्लायर युनिट’मधून अवकाशात गेला.

*महाराष्ट्रात.* अनिल अवचट (१९४४–२०२२) यांनी ओरिगामीविषयी मराठीत आपुलकीने लिहिले. पुण्याच्या आयुकामध्ये अरविंद गुप्ता यांनी कागदी खेळण्यांतून विज्ञान शिकवले.

*पुठ्ठ्याचे देखावे.* टेबलावर मांडायच्या युद्धखेळांसाठी (एच. जी. वेल्स यांचे ‘लिटल वॉर्स’, १९१३, हे त्यांवरील प्रारंभीचे पुस्तक) लागणारी घरे, बुरूज व टेकड्या पुठ्ठ्याच्या करतात. दिवाळीतल्या किल्ल्यासाठी पुठ्ठ्याचा बुरूज करणाऱ्या मुलांचे काम याच जातीचे. जाड पुठ्ठा कागदासारखा दुमडत नाही. घडीच्या रेषेवर पात्याने अर्ध्या जाडीपर्यंत खाच पाडावी आणि खाच बाहेरच्या अंगाला राहील अशी घडी घालावी. उलट दुमडल्यास कड फुगते. आठ भिंतींचा बुरूज कापताना एका भिंतीला बोटभर जादा पट्टी ठेवावी, ती डिंकासाठी.

अशा बुरुजासारखी घनाकृती उलगडून तिचा सपाट नकाशा काढण्याची पद्धत आल्ब्रेख्त ड्युरर यांच्या १५२५ च्या भूमितीवरील ग्रंथात आढळते. कोणताही बहिर्वक्र बहुफलक कडांवर कापून, भाग एकमेकांवर न येता, अखंड सपाट उलगडता येतो का, हा प्रश्न १९७५ मध्ये शेपर्ड यांनी नेमकेपणाने मांडला. तसा न उलगडणारा एकही बहुफलक आजवर सापडलेला नाही, आणि सर्व उलगडतातच अशी सिद्धताही मिळालेली नाही.