मुदपाकखान्यातील ब्रदर लॉरेन्स

ईश्वराचे मार्गदर्शन ओळखावे कसे, हा ख्रिस्ती धर्मेतिहासातील जुना आणि अवघड प्रश्न होय. त्यावर ग्रंथ लिहिणारे बहुधा धर्मपंडित व मठाधिपती होते. सतराव्या शतकात मात्र त्याचे एक उत्तर पॅरिसमधील एका मठाच्या मुदपाकखान्यातून आले.

निकोला हेर्मां याचा जन्म १६१४ च्या सुमारास लोरेन प्रांतात, गरिबाच्या घरी झाला. अठराव्या वर्षी, ऐन हिवाळ्यात, त्याने एक निष्पर्ण वृक्ष पाहिला. थोड्याच दिवसांत यास पालवी फुटेल, मग फुले व फळे येतील, या विचारासरशी ईश्वराच्या सामर्थ्याची जाणीव त्याच्या मनात कायमची ठसली. पुढे तीस वर्षांच्या युद्धात तो शिपाई झाला, जखमी झाला आणि जन्मभर लंगडत राहिला. एका बड्या खजिनदाराकडे त्याने हुजऱ्याचेही काम केले. पण तेथे हाती येईल ते फोडण्यापलीकडे आपण काही केले नाही, असे तो स्वतःच सांगे. १६४० मध्ये तो पॅरिसच्या कार्मेलाईट मठात सेवेकरी बंधू म्हणून दाखल झाला. इंग्रजी वाचकांचा ब्रदर लॉरेन्स तो हाच.

मठात त्याच्या वाट्यास स्वयंपाक आला. या कामाचा त्याला मनापासून तिटकारा होता आणि तरीही सुमारे पंधरा वर्षे त्याने ते केले. (न आवडणाऱ्या खात्यात वर्षे काढलेल्या आम्हां नोकरदारांस हा तपशील विशेष जवळचा वाटतो.) त्याच्याविषयी लिहिणारे येथे बहुधा भांड्यांच्या खडखडाटातील शांतीचे गोड चित्र रंगवितात. आम्हांस ते अपुरे वाटते. प्रारंभीची कित्येक वर्षे त्याने घोर मनस्तापात काढली. आपला नरकवास अटळ आहे, अशी त्याची चार वर्षे खात्री होती. कोणाच्याही समजावण्याने ती ढळली नाही. वृक्ष दाखविणाऱ्या ईश्वराने त्या काळात दुसरी खूण पाठविली नाही. अखेर त्यानेच प्रश्न बदलला. आपले पुढे काय व्हायचे ते होवो. हातातले काम ईश्वरप्रीत्यर्थ करावे, एवढेच आपल्याकडे, असे त्याने ठरविले. अंतिम फळाची चौकशी सुटली आणि मग मन स्थिर झाले.

मार्गदर्शनाविषयीची त्याची समजूत यातूनच आलेली दिसते. मठासाठी द्राक्षमद्य खरेदी करण्यास त्याला बर्गंडीस पाठविले, तेव्हा व्यवहारज्ञान नाही, पायही धड नाही, अशी त्याची अवस्था होती. नावेत पिंपांवरून गडगडत जावे लागे. तथापि हे काम तुझेच आहे, असे ईश्वरास सांगून तो निघाला आणि खरेदी नीट पार पडली. ती कशी पार पडली, हे त्यालाही सांगता येईना. चूक झाली तर ती कबूल करावी आणि तिचा घोळ न घालता पुन्हा कामास लागावे, ही त्याची रीत. प्रार्थनेची वेळ आणि कामाची वेळ यांत त्याने भेद ठेवला नाही.

१६६६ च्या ऑगस्टपासून जोसेफ द बोफोर हा धर्माधिकारी त्याला भेटू लागला व त्याचे बोलणे टिपून ठेवू लागला. लॉरेन्स १६९१ मध्ये वारला. त्यानंतर बोफोरने त्याची वचने, पत्रे व संभाषणे १६९२ आणि १६९४ मध्ये प्रसिद्ध केली. वेळ मात्र वाईट होती. फ्रान्समध्ये तेव्हा 'निवृत्तिवादा'चा झगडा पेटला होता. लॉरेन्सला भेटलेला, त्याच्याविषयी आदर बाळगणारा बिशप फेनेलों त्यात सापडला. १६९९ मध्ये पोपने त्याच्या ग्रंथातील २३ विधाने दोषी ठरविली. या गदारोळात स्वयंपाक्याच्या पुस्तकावरही संशयाची छाया पडली. ते जपले ते प्रॉटेस्टंटांनी: प्रथम प्वारे याने, पुढे इंग्लंडात जॉन वेस्ली याने. मठात राहणे ज्यांस मान्य नव्हते, त्यांच्या घराघरांत मठातील स्वयंपाकी असा पोहोचला.

पॅरिसच्या व्होजिरार रस्त्यावरील त्या जुन्या मठाच्या जागी आज कॅथलिक उच्चशिक्षणाची संस्था आहे.