वकिलांचे निरंतर विधी शिक्षण

सनद मिळाल्यानंतर वकिलाने कायद्याचे ज्ञान, मसुदालेखन व युक्तिवादाचे कौशल्य आणि व्यावसायिक नीतीची जाण अद्ययावत राखण्यासाठी घेतलेल्या शिक्षणास निरंतर विधी शिक्षण असे म्हणतात. व्याख्याने, कार्यशाळा, पदविका अभ्यासक्रम, मध्यस्थीचे प्रशिक्षण, ज्येष्ठ वकिलाच्या हाताखालील उमेदवारी आणि न्यायनिर्णयांचे नियमित वाचन या सर्वांचा त्यात समावेश होतो. अनेक देशांत असे शिक्षण ठरावीक तास घेणे ही व्यवसाय चालू ठेवण्याची अट आहे. भारतात ते ऐच्छिक आहे. एकदा सनद आणि त्यानंतरची पात्रता परीक्षा हाती आली की, पुढील चाळीस-पन्नास वर्षांत वकिलाने काही नवे शिकले की नाही, हे तपासणारी कोणतीही यंत्रणा देशात नाही.

कायदेशीर चौकट

अधिवक्ता अधिनियम, १९६१ च्या कलम ६ व ७ मध्ये अनुक्रमे राज्य वकील परिषदा आणि भारतीय विधिज्ञ परिषद यांची कार्ये सांगितली आहेत. परिसंवाद भरवणे, नामवंत विधिज्ञांची व्याख्याने आयोजित करणे व कायदेविषयक नियतकालिके प्रकाशित करणे ही त्यांपैकी काही होत. भारतीय विधिज्ञ परिषदेच्या विधी शिक्षण नियम, २००८ मध्ये निरंतर विधी शिक्षणासाठी संचालनालयाची तरतूदही आहे. मात्र ही सर्व कार्ये परिषदांची आहेत. वकिलाने त्या व्याख्यानांना हजर राहिलेच पाहिजे, असे अधिनियमात कुठेही म्हटलेले नाही.

व्यवसायात प्रवेश करण्यापूर्वीच्या प्रशिक्षणाचा इतिहासही धरसोडीचा आहे. मूळ अधिनियमात नावनोंदणीपूर्वी प्रशिक्षण व परीक्षा यांची अट होती. ती १९७३ च्या दुरुस्तीने वगळण्यात आली. पुढे विधिज्ञ परिषदेने १९९५ मध्ये नियम करून एक वर्षाची उमेदवारी सक्तीची केली. परंतु व्ही. सुधीर विरुद्ध भारतीय विधिज्ञ परिषद या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये ते नियम रद्द ठरवले. संसदेने जी अट काढून टाकली, ती परिषदेला नियमांच्या मार्गाने परत आणता येणार नाही, असे त्या निर्णयाचे सार होते. त्यानंतर २०१० मध्ये परिषदेने अखिल भारतीय वकील परीक्षा लागू केली आणि पहिली परीक्षा मार्च २०११ मध्ये झाली. शंभर बहुपर्यायी प्रश्नांच्या या परीक्षेच्या वैधतेवर दीर्घकाळ वाद चालला. १० फेब्रुवारी २०२३ रोजी न्या. संजय किशन कौल यांच्या अध्यक्षतेखालील पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने ती वैध ठरवली आणि व्ही. सुधीर प्रकरणातील भूमिका अमान्य केली. परीक्षा नावनोंदणीपूर्वी घ्यावी की नंतर, हे ठरवण्याचा अधिकारही घटनापीठाने परिषदेकडेच राहू दिला. वकिलाने कोणत्या अटींवर व्यवसाय करावा याविषयी नियम करण्याचा परिषदेचा अधिकार या निर्णयामुळे भक्कम झाला. त्यामुळे निरंतर शिक्षण सक्तीचे करण्याच्या मार्गातील मोठी कायदेशीर अडचण दूर झाली, असे म्हणता येते.

ही परीक्षा आयुष्यात एकदाच उत्तीर्ण व्हावी लागते. २०१५ च्या पडताळणी नियमांनुसार वकिलाची पदवी खरी आहे का आणि तो प्रत्यक्ष व्यवसाय करतो का, हे तपासले जाते. त्याच्या ज्ञानाची तपासणी त्यात अभिप्रेत नाही.

न्यायाधीशांची स्थिती याहून वेगळी आहे. भोपाळ येथील राष्ट्रीय न्यायिक अकादमी आणि राज्यांच्या अकादमी (महाराष्ट्रात ठाणे जिल्ह्यातील उत्तन येथील महाराष्ट्र न्यायिक अकादमी) न्यायिक अधिकाऱ्यांसाठी नियमित प्रशिक्षणवर्ग घेतात. २० मे २०२५ च्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशपदासाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा घातली आणि नियुक्तीनंतर न्यायासनावर बसण्यापूर्वी किमान एक वर्षाचे प्रशिक्षण आवश्यक केले. त्याच न्यायालयात उभा राहणारा नवा वकील मात्र कोणत्याही प्रशिक्षणाविना पहिल्या दिवसापासून खटला चालवू शकतो.

आवश्यकता

कायदा बदलतो हे सर्वपरिचित आहे. तो किती वेगाने आणि किती वेळा दिशा बदलतो, याचे चांगले उदाहरण म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्याचे प्रमाणपत्र. भारतीय पुरावा अधिनियमाच्या कलम ६५ ब नुसार ध्वनिमुद्रण, चित्रफीत किंवा संगणकीय नोंद यांची प्रत सादर करताना प्रमाणपत्र जोडावे लागे. २००५ मध्ये नवज्योत संधू प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने प्रमाणपत्राविनाही असा पुरावा अन्य मार्गाने सिद्ध करता येईल, असे म्हटले. २०१४ मध्ये अन्वर विरुद्ध बशीर प्रकरणात ते मत बदलले आणि प्रमाणपत्र अनिवार्य ठरले. २०१८ मध्ये शफी मोहम्मद प्रकरणात ज्याच्या ताब्यात उपकरण नाही त्याला सवलत मिळाली. जालना विधानसभा मतदारसंघाच्या निवडणुकीतून उद्भवलेल्या अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या प्रकरणात १४ जुलै २०२० रोजी तीन न्यायाधीशांच्या पीठाने ती सवलत मोडीत काढून प्रमाणपत्राची अनिवार्यता पुन्हा प्रस्थापित केली. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचे कलम ६३ लागू झाले असून, आता प्रमाणपत्राचे दोन भाग असतात. पहिला भाग पुरावा सादर करणाऱ्या पक्षाने व दुसरा तज्ज्ञाने भरायचा असतो आणि त्यात नोंदीचे हॅश मूल्यही द्यावे लागते. महाविद्यालयातून २००६ मध्ये बाहेर पडलेल्या वकिलाने तेव्हाच्याच टिपणांवर विसंबून मोबाइलमधील संभाषण सादर केले, तर तो पुरावा वाचलाच जाणार नाही. त्याची किंमत अशिलाला मोजावी लागेल.

१ जुलै २०२४ रोजी भारतीय दंड संहिता, फौजदारी प्रक्रिया संहिता व पुरावा अधिनियम या तिन्हींची जागा नव्या कायद्यांनी घेतली. दंड संहितेतील ५११ कलमांऐवजी भारतीय न्याय संहितेत ३५८ कलमे आहेत, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ५३१. कलमांचे क्रमांक बदलणे ही त्यातल्या त्यात किरकोळ बाब होय. त्याहून कठीण भाग असा की, त्या तारखेपूर्वीच्या गुन्ह्यांना जुनी दंड संहिताच लागू राहते. त्यामुळे फौजदारी वकिलाला पुढील अनेक वर्षे दोन्ही कायदे एकाच वेळी वापरावे लागणार आहेत.

या बदलातील काही तरतुदी थेट व्यक्तिस्वातंत्र्याशी निगडित आहेत. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ नुसार, पूर्वी कधीही दोषी न ठरलेल्या कच्च्या कैद्याने त्या गुन्ह्याच्या कमाल शिक्षेच्या एकतृतीयांश कालावधी कोठडीत काढला असेल, तर त्याची बंधपत्रावर सुटका व्हावी, अशी तरतूद आहे. जुन्या कायद्यात ही मर्यादा निम्म्या कालावधीची होती. मृत्युदंड वा जन्मठेपेच्या गुन्ह्यांना आणि एकाहून अधिक प्रकरणे प्रलंबित असलेल्यांना ही सवलत नाही. २३ ऑगस्ट २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हे कलम १ जुलै २०२४ पूर्वीच्या प्रकरणांतील कैद्यांनाही लागू होईल, असा आदेश दिला. न्यायालयाला लेखी कळवण्याची जबाबदारी कारागृह अधीक्षकावर टाकलेली असली, तरी या आदेशाची माहिती नसलेल्या वकिलाचा अशील आवश्यकतेपेक्षा अधिक काळ तुरुंगात राहू शकतो.

दिवाणी व व्यापारी क्षेत्रातही अशी उदाहरणे आहेत. व्यापारी न्यायालये अधिनियमातील कलम १२ अ नुसार, तातडीचा अंतरिम दिलासा मागितलेला नसल्यास दाव्यापूर्वी मध्यस्थी करणे आवश्यक आहे. ही अट अनिवार्य असून तिचे पालन न केल्यास वादपत्र नाकारले जाईल, असे सर्वोच्च न्यायालयाने पाटील ऑटोमेशन प्रकरणात ऑगस्ट २०२२ मध्ये स्पष्ट केले. दिवाळखोरी संहिता (२०१६), वस्तू व सेवा कर (२०१७) आणि मध्यस्थी अधिनियम (२०२३) हे विषय तर त्याआधी पदवी घेतलेल्या वकिलांच्या अभ्यासक्रमात असणे शक्यच नव्हते.

वकिलाच्या अज्ञानामुळे नुकसान झालेल्या अशिलापुढील मार्ग मर्यादित आहेत. १४ मे २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने वकिलांच्या सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेबाहेर असल्याचा निर्णय दिला. अधिवक्ता अधिनियमाच्या कलम ३५ खाली राज्य परिषदेकडे तक्रार करता येते, पण ते कलम गैरवर्तनासाठी आहे. साधा निष्काळजीपणा किंवा निर्णयातील चूक म्हणजे व्यावसायिक गैरवर्तन नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६३ मध्येच म्हटले होते. नुकसानभरपाईचा दिवाणी दावा हा मार्ग उरतो, आणि तो चालवण्यासाठी पुन्हा वकीलच लागतो.

शिक्षणाचे मार्ग

भारतीय वकिलाचे खरे शिक्षण परंपरेने सीनिअरच्या कार्यालयात होते. फायली लावणे, तारखा घेणे, न्यायनिर्णय शोधणे आणि सीनिअरचा उलटतपास ऐकणे यांतून ज्युनिअर घडतो. या पद्धतीचा दर्जा पूर्णतः त्या कार्यालयावर अवलंबून असतो. घरातील कोणी वकील नसलेल्या, विशेषतः ग्रामीण भागातून शहरात आलेल्या तरुणांना चांगल्या कार्यालयात शिरकाव मिळणे अवघड जाते आणि मिळाला तरी पहिली काही वर्षे मानधन तुटपुंजे असते. भारतीय विधिज्ञ परिषदेने ऑक्टोबर २०२४ मध्ये ज्युनिअर वकिलांना शहरी भागात दरमहा २०,००० रुपये व ग्रामीण भागात १५,००० रुपये किमान मानधन देण्याची शिफारस केली. ती बंधनकारक नाही.

संरचित प्रशिक्षणाचा जुना नमुना मुंबईत टिकून आहे. सॉलिसिटर हा वेगळा वर्ग कायद्याने १९७७ पासून संपुष्टात आला, तरी बॉम्बे इनकॉर्पोरेटेड लॉ सोसायटी आजही सॉलिसिटरची परीक्षा घेते आणि त्यासाठी सॉलिसिटरच्या हाताखाली तीन वर्षांची आर्टिकलशिप करावी लागते. कायद्याने आवश्यक नसताना अनेक तरुण वकील ही परीक्षा देतात, ही लक्षणीय बाब आहे. सर्वोच्च न्यायालयात ॲडव्होकेट ऑन रेकॉर्ड होण्यासाठी मात्र परीक्षा अनिवार्य आहे. चार वर्षांच्या वकिलीनंतर अनुभवी ॲडव्होकेट ऑन रेकॉर्डकडे एक वर्षाचे प्रशिक्षण घेऊन कार्यपद्धती, मसुदालेखन, व्यावसायिक नीती आणि महत्त्वाचे न्यायनिर्णय अशा चार प्रश्नपत्रिका द्याव्या लागतात. प्रत्येकीत किमान ५० टक्के व एकूण ६० टक्के गुण आवश्यक असतात. भारतातील वकिली व्यवसायात पदवीनंतरची ही बहुधा सर्वांत कठोर कसोटी होय.

मध्यस्थ म्हणून काम करू इच्छिणाऱ्या वकिलांसाठी सर्वोच्च न्यायालयाच्या मध्यस्थी व सलोखा प्रकल्प समितीने ४० तासांचा प्रशिक्षणक्रम ठरवला आहे. विधी सेवा प्राधिकरणांच्या पॅनेलवरील वकिलांसाठी राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाची प्रशिक्षण पुस्तिका आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या ई-समितीने ई-फायलिंगचे वर्ग वकिलांसाठी घेतले आहेत. बंगळुरू येथील राष्ट्रीय विधी विद्यापीठ दूरस्थ पद्धतीने व्यावसायिक पदविका अभ्यासक्रम चालवते. खासगी संस्थांच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांची संख्या मोठी आहे, मात्र त्यांच्या दर्जाची निश्चिती करणारी मान्यतापद्धती नाही.

महाराष्ट्र व गोवा

दोन्ही राज्यांतील वकिलांची नोंदणी महाराष्ट्र व गोवा वकील परिषदेकडे होते. परिषद, जिल्हा व तालुका वकीलसंघ आणि विधी महाविद्यालये यांच्या वतीने व्याख्याने व परिषदा होतात. राज्यात मुंबई, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथे महाराष्ट्र राष्ट्रीय विधी विद्यापीठे आहेत. स्वाध्यायाची परंपरा याहून जुनी आहे. बॉम्बे लॉ रिपोर्टर १८९९ मध्ये सुरू झाले, तर ऑल इंडिया रिपोर्टर हे देशभर वापरले जाणारे निर्णयसंग्रह नागपुरातून निघते. जानेवारी २०२३ पासून सर्वोच्च न्यायालयाचे अधिकृत निर्णयसंग्रह ई-एससीआर या संकेतस्थळावर विनामूल्य उपलब्ध झाल्यामुळे तालुक्याच्या वकिलाची महागड्या ग्रंथालयावरील भिस्त बरीच कमी झाली आहे.

भाषेचा प्रश्न मात्र शिल्लक आहे. २१ जुलै १९९८ च्या अधिसूचनेने राज्यातील कनिष्ठ न्यायालयांची भाषा मराठी करण्यात आली. भाषा संचालनालयाने न्यायव्यवहार कोशही प्रसिद्ध केला. तरीही वकिलांसाठीचे बहुतांश प्रगत साहित्य व अभ्यासक्रम इंग्रजीतच असतात. ज्या न्यायालयांत जबाब, वादपत्रे व अर्ज मराठीत चालतात, तेथील वकिलांना नव्या कायद्यांवरील सखोल मराठी साहित्याची सर्वाधिक गरज आहे.

सक्तीचा वाद

सक्तीचे समर्थक अन्य व्यवसायांकडे बोट दाखवतात. सनदी लेखापालांच्या संस्थेने व्यवसाय करणाऱ्या साठ वर्षांखालील सदस्यांसाठी तीन वर्षांत १२० तासांचे निरंतर शिक्षण आवश्यक केले आहे. महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडील नोंदणीच्या नूतनीकरणासाठी डॉक्टरांना पाच वर्षांत ३० श्रेयांक मिळवावे लागतात. विरोधकांचा आक्षेप असा की, तासांची सक्ती केली की शिक्षणाऐवजी हजेरीपट भरला जाईल, प्रमाणपत्रांचा बाजार तयार होईल आणि तुटपुंज्या कमाईच्या वकिलावर प्रवास व शुल्काचा बोजा पडेल. यांतील शेवटचा मुद्दा सर्वांत वजनदार आहे, परंतु तो सक्तीपेक्षा शुल्क व ठिकाण यांच्याविषयीचा आहे. तालुका न्यायालयाच्या बार रूममध्ये विनामूल्य वर्ग झाले, तर त्याची तीव्रता कमी होते.

इतर देश

अमेरिकेत मिनेसोटा राज्याने १९७५ मध्ये निरंतर विधी शिक्षण सक्तीचे केले. बहुतेक राज्यांनी पुढे तीच वाट धरली. न्यूयॉर्कमध्ये अनुभवी वकिलाला दोन वर्षांत २४ तास, तर कॅलिफोर्नियात तीन वर्षांत २५ तास पूर्ण करावे लागतात. फिलिपिन्समध्ये तीन वर्षांत ३६ तासांची अट आहे. इंग्लंड व वेल्समध्ये प्रवाह उलट दिशेने वाहिला. सॉलिसिटरांवरील वर्षाला १६ तासांची अट नोव्हेंबर २०१६ पासून रद्द झाली. आता प्रत्येक सॉलिसिटरने आपल्या कामाचा दर्जा स्वतः तपासून, कोणत्या शिक्षणाची गरज आहे ते ठरवायचे आणि ते पूर्ण केल्याचे दरवर्षी नियामकाला घोषित करायचे असते.