मुंबई ते कराची अंतर किती? विमानाने दीड तास, पण आज जायचं तर अख्खा दिवस!

मुंबईहून दिल्ली जवळ की कराची? बहुतेक जण पटकन दिल्ली म्हणतील. पण नकाशावर सरळ रेघ मारली तर दिल्ली सुमारे १,१५० किमीवर आहे आणि कराची फक्त ८८५ किमीवर. मग तिथं जायला इतका वेळ का लागतो? समजून घेऊया.

सरळ गेलं तर किती वेळ?

थेट विमान असेल तर साधारण दीड तास. पाकिस्तानचं घड्याळ आपल्यापेक्षा अर्धा तास मागे आहे. म्हणजे मुंबईहून सकाळी १० ला निघालात, तर कराचीत उतरताना तिथं ११ वाजलेले असतील.

मग अडचण काय?

सध्या थेट विमान नाही. एप्रिल २०२५ मधल्या पहलगाम हल्ल्यानंतर दोन्ही देशांनी एकमेकांच्या विमानांसाठी हवाई हद्द बंद केली. अटारीची सीमाही बंद झाली. जोधपूर-कराची थार एक्सप्रेस तर ऑगस्ट २०१९ पासूनच थांबलेली आहे.

उरतो तो आखाताचा रस्ता. मुंबई-दुबई सुमारे १,९३० किमी, तिथून कराची जवळपास १,२०० किमी. एकूण ३,१०० किमीच्या वर, म्हणजे सरळ अंतराच्या साडेतीन पट! हवेत पाच-सहा तास आणि दुबईत थांबावं लागेल ते वेगळंच.

शिवाय व्हिसा हवा. एरवीही हा व्हिसा ठरावीक शहरांपुरताच मिळतो. त्यात भारत सरकारने नागरिकांना पाकिस्तानात जाणं टाळायला सांगितलंय.

पूर्वी काय होतं?

१९३६ पर्यंत सिंध हा मुंबई इलाख्याचाच भाग होता. म्हणजे कराचीचा कारभार मुंबईतून चालायचा. कराचीतली जुनी एनजेव्ही शाळा आजही नारायण जगन्नाथ वैद्य यांच्या नावाने ओळखली जाते. १५ ऑक्टोबर १९३२ ला जे.आर.डी. टाटांनी टपाल घेऊन पहिलं उड्डाण केलं, ते कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला. पुढे जिची एअर इंडिया झाली, त्या कंपनीची सुरुवात याच मार्गावर झाली.

या अंतराचा फटका कुणाला?

पालघरचे अनेक खलाशी गुजरातच्या बोटींवर काम करतात. समुद्रात कुंपण नसतं. बोट हद्दीपलीकडे गेली की अटक होते आणि रवानगी कराचीच्या मलीर तुरुंगात. दोन्ही देश दरवर्षी १ जानेवारी आणि १ जुलैला कैद्यांच्या याद्या एकमेकांना देतात. घरच्यांचं लक्ष त्या याद्यांकडे लागलेलं असतं.

सुटका झाली तरी घर लगेच येत नाही. आजवर सुटलेल्या खलाशांना कराचीहून लाहोरला नेऊन वाघा-अटारीला ताब्यात दिलं जायचं. तिथून पंजाब ते महाराष्ट्र. हाही प्रवास ३,००० किमीच्या आसपास जातो.

म्हणून पुढच्या वेळी कुणी विचारलं की कराची किती लांब, तर उत्तर दोन आकड्यांत द्या: नकाशावर ८८५ किमी आणि प्रत्यक्षात ३,१०० किमी.