भोंगा थांबल्यानंतरचें गिरणगांव

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस एके सकाळीं मी परळच्या स्थानकावर उतरलों. १९८१ सालीं नोकरीनिमित्त मुंबई सोडल्यानंतर या भागांत पाऊल ठेवण्याचा हा पहिलाच प्रसंग. शेजारचें एल्फिन्स्टन रोड स्थानक २०१८ सालीं प्रभादेवी झालें, हें मला ठाऊक होतें. पण नांव बदलल्यानें मनुष्य वाट चुकत नाहीं. मी चुकलों तो निराळ्या कारणानें. लहानपणीं या रस्त्यांवरून मी कानांच्या आधारें चालत असें. कोणत्या भिंतीआड सांच्यांचा खडखडाट आहे, कोणता भोंगा कोणत्या पाळीचा, यावरून ठिकाण कळे. आतां मोटारींवांचून दुसरा आवाज नव्हता.

श्रोतेहो, जुनी जागा पालटलेली पाहून हळहळणें सोपें आहे. परंतु परळनें रूप पालटलें तें कांहीं प्रथमच नव्हे. गिरण्या येण्यापूर्वीं येथें वाड्या व शेतें होतीं, आणि मुंबईच्या गव्हर्नरांचा प्रासाद होता. प्लेगची सांथ आल्यावर १८९९ सालीं त्याच प्रासादांत डॉ. हाफकिन यांची लशीची प्रयोगशाळा आली. हाफकिन संस्था आजही तेथेंच आहे. तिकडे ताडदेवास कावसजी दावर यांची कापडगिरणी १८५६ सालीं सुरू झाली होती. पुढें परळ, लालबाग, काळाचौकी हा सारा टापू धुराड्यांनीं भरून गेला.

गिरण्यांनीं धूर आणला, तशीं माणसेंही आणलीं. कोंकणांतून व घाटावरून आलेले गडी एकेका खोलींत पाळीपाळीनें निजत आणि खाणावळवाल्या बायांच्या हातचें जेवत. माझे वडील सांचेवाले होते. आमच्या बिऱ्हाडांतही गांवाकडचे दोघेतिघे कायम असत. या वस्तीला तिचे हक्क कोणी दान केले नाहींत. रविवारची सुटी १८९० सालीं मिळाली, ती नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीमुळें. ना. म. जोशी यांनीं १९११ सालीं सोशल सर्व्हिस लीग स्थापिली. पूर्वींच्या डिलाइल रोडला आज त्यांचें नांव आहे.

१८ जानेवारी १९८२ रोजीं डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखालीं सुमारें अडीच लाख कामगार संपावर गेले. तो संप रीतसर मागें घेतला गेलाच नाहीं; विझत गेला. जुनाट यंत्रें व यंत्रमागांचा स्वस्त माल यांमुळें गिरण्या आधींच खंगल्या होत्या. लवकरच त्यांच्या कापडापेक्षां त्यांच्या पायाखालची जमीन अधिक मोलाची ठरली.

त्या जमिनीचें काय करावें, याचाही नियम होता. १९९१ च्या नियमावलीप्रमाणें तिचे स्थूलमानानें तीन भाग व्हावयाचे : एक शहराच्या मोकळ्या जागांस, एक सार्वजनिक घरांस, एक मालकास. २००१ सालीं नियमांत फेर झाला. इमारतींखालची जमीन वाटणींतून वगळली गेली आणि शहराचा वांटा अगदीं आटला. २००६ सालीं सर्वोच्च न्यायालयानें तो फेर ग्राह्य धरला. कांहीं कामगारांना सोडतींत घरें मिळालीं. पुष्कळ जण अजून वाट पाहत आहेत.

दुपारीं लोअर परळला गेलों. फिनिक्स गिरणीच्या आवारांत आतां झगमगती बाजारपेठ आहे. जुनें धुराडें मात्र राखलें आहे. त्याच्याखालीं बसून मी हिशेब करूं लागलों. पहिल्या पालटानें शेतें गेलीं, पण लाखों माणसांना येथें भाकरी मिळाली. दुसऱ्या पालटानें या जागेचें मोल शेंकडों पटींनीं वाढलें, आणि जिनें तें मोल घडविलें तीच पिढी कर्जत-कसाऱ्याकडे किंवा परत गांवाकडे गेली. माझे वडीलही त्यांतलेच.

घड्याळांत साडेतीन वाजले. ही पाळी बदलण्याची वेळ. मी संवयीनें कान दिला; आणि मग उठून स्थानकाची वाट लोकांना विचारीत निघालों.