काचेला काच सोसत नाही

तार हा शब्द मराठीत इतका मुरला आहे की त्याला ‘तू कुठला?’ असे कोणी विचारत नाही. तारेवरची कसरत, काटेरी तार, कुणाशी तार जुळणे आणि संध्याकाळी तारेत येणे ही सगळी घरचीच मंडळी वाटतात. पण शब्द फारसी दिसतो. फारसीत तार म्हणजे धागा, विशेषतः मागावरचा उभा धागा; उभ्या-आडव्या धाग्यांची जोडी तिथे ‘तार-ओ-पूद’ अशी सांगतात. सतारीतली तार हीच. ‘सेह’ म्हणजे तीन, म्हणून सेहतार. आजच्या सतारीवर तारा मोजायला बसलात तर तिनाच्या कितीतरी पट भरतील, पण नाव तिघींवरच अडून बसले आहे.

इथे पाय घसरण्याच्या जागा पुष्कळ आहेत. तारतम्याचा या तारेशी काही संबंध नाही. ते ‘तर’ आणि ‘तम’ या संस्कृत प्रत्ययांतून, म्हणजे अधिक आणि सर्वाधिक यांतला फरक कळण्यातून आले. तारांबळ बहुधा लग्नातल्या ताराबलातून आली असावी. भटजी ताराबल-चंद्रबल म्हणू लागले की मुहूर्त दारात आला, आणि मग अक्षता, अंतरपाट, मुलीचा मामा यांची जी धांदल उडते ती तारांबळ. व्युत्पत्ती जरा फारच गोड आहे, म्हणून मी तिच्याकडे थोडे तिरके पाहतो; पण दुसरी चांगली कोणी सुचवलेली माझ्या पाहण्यात नाही.

तार या शब्दाला नवा अर्थ फुटला तेव्हा आमचे वाशिंद अगदी जवळ उभे होते. कल्याणहून पुढे निघालेला लोहमार्ग १ ऑक्टोबर १८५५ रोजी वाशिंदपर्यंत उघडला, आणि १८६० मध्ये आसनगाव जोडले जाईपर्यंत गाडी इथेच संपत असे. (‘रहिवासी’ या अर्थाचा फारसी ‘बाशिंदा’ आणि वाशिंद यांचे नाते जोडण्याचा मोह मलाही होतो, पण नुसत्या नादावर गावाचे नाव लावू नये. कसारा आणि बैलाचा कासरा यांचीही सोयरीक कोणी जमवू नये.) त्याच १८५५ च्या फेब्रुवारीत विजेची तार सर्वसामान्यांना खुली झाली होती. लोखंडी तारेतून निरोप धावू लागल्यावर मराठीने आधी ‘तारायंत्र’ म्हटले. मग यंत्र गळून पडले आणि निरोपच तार झाला. तार आली, तार केली. वाहकाचे नाव वाहिलेल्या वस्तूला देण्याची ही जुनी लक्षणा आहे. टेलिफोनला ‘दूरध्वनी’ मिळाला. तारेची जागा घेणारा शब्द मात्र रुळला नाही. ती परकी आहे हे कोणाच्या ध्यानात आले नसावे, किंवा येऊनही ती सोडवली नसावी. ती तार जुलै २०१३ मध्ये बंद झाली, तोवर शब्दाला कोणी धक्का लावला नव्हता.

आणि खरे तर तिला परकी तरी किती म्हणायचे? संस्कृतात √तन् म्हणजे ताणणे, पसरणे. त्यातून तंतू आला, तान आली, ताण आला, मागावरचा ताणा आला, पिढ्यांचा धागा पुढे नेणारी संतती आली. ‘तनु’ म्हणजे बारीक हाही त्यातलाच. लॅटिनमधला ‘टेनुइस’ आणि इंग्रजीतला ‘थिन’ त्याचे दूरचे भाऊ. याच धातूचे ‘तंत्र’. मूळ अर्थ माग, मागावरचे उभे धागे. मग कोणत्याही कामाची बैठक, मग शास्त्र, मग देवीची गूढ उपासना, आणि विसाव्या शतकात एकदम ‘तंत्रज्ञान’. फारसी तार ही इराणी शाखेतल्या याच ‘तंत्र’ची झिजलेली मूर्ती असावी, असे काही भाषाशास्त्रज्ञांचे मत आहे. मला ते पटते, कारण अर्थ दोन्हीकडे एकच आहे: मागावरचा उभा धागा. म्हणजे तारवाला आणि तंत्रज्ञ हे चुलतभाऊ ठरतात. एक फारसीच्या वाटेने आला, दुसरा संस्कृतच्या, आणि दोघे सध्या आमच्या आळीत एकाच शिडीवर चढलेले दिसतात.

शिडीवर चढण्याचे कारण फायबर. या नावाचे मूळ लॅटिन ‘फिब्रा’त आहे. ‘फायबर ऑप्टिक्स’ ही जोडी रूढ केली ती पंजाबातल्या मोग्यात जन्मलेल्या नरिंदरसिंग कपानी यांनी, ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या १९६० च्या लेखातून. फिब्रा म्हणजे तंतू हे खरेच, पण रोमन लेखक हा शब्द बळीच्या जनावराच्या काळजाच्या पाळ्यांनाही लावत. शकुन पाहणारे त्या पाळ्या निरखत आणि पुढे काय होणार ते सांगत. पोटातल्या अवयवाचा शब्द धाग्याला लागावा याचे आपल्याला नवल वाटायला नको. पिंजाऱ्याच्या कमानीवर चढवतात ती तात आठवा. कोणी तिला तांत म्हणतात. शब्द सरळ √तन्च्या घरातला, ‘तंत्री’चा वारस, वस्तू मात्र जनावराच्या आतड्याची. रोमन माणूस आतड्या-काळजाकडून धाग्याकडे गेला, मराठी माणूस धाग्याकडून आतड्याकडे.

सरकारी मराठीत फायबरला ‘प्रकाशीय तंतू’ म्हणतात, कोणी ‘प्रकाशतंतू’ म्हणतात. शब्द वाईट नाहीत. पण मला राहून राहून वाटते की या वस्तूचे नाव आपल्या कोशात फार पूर्वीपासून लिहून ठेवलेले आहे, फक्त ते चुकीच्या ओळीत पडले आहे. ते नाव म्हणजे काच.

हा तंतू काचेचाच असतो. गाभा साधारण ९ मायक्रॉन, त्यावरच्या काचेच्या आवरणासकट १२५, म्हणजे मिलिमीटरचा आठवा भाग. आता अमरकोश उघडा. तिथे ‘काच’ या एका शब्दाला तीन अर्थ दिलेले आढळतात: एक मातीचा प्रकार, म्हणजे आपली काच, एक डोळ्यांचा विकार, आणि शिंके. होय, शिंके! कावडीच्या टोकाला लोंबणारी, ओझे पेलणारी दोरीची झोळी. संस्कृतात काच ही काचही होती आणि दोरीही होती. हे दोन शब्द मुळात वेगळे असून नुसते एका रूपात येऊन मिळाले असावेत. पण दीड हजार वर्षे शेजारी राहूनही काचेची दोरी होऊ शकते हे कोणाच्या मनात आले नाही, आणि कसे यावे?

मराठीत ही जोडी लिंगभेदाने ओळखू येते. ती काच खिडकीची. तो काच नाडीचा, सासूचा, कर्जाचा. जाच आणि काच जोडीनेच राहतात. ‘काचणे’ म्हणजे दोरी ताणून अंगात रुतणे. हा पुल्लिंगी काच त्या शिंक्याच्या दोरीतूनच उतरला असावा, असा माझा तर्क आहे. ओझे जड झाले की दोरी हाताला काचणारच. आमच्या शहापूर तालुक्याला हे वेगळे सांगायला नको: तानसा, भातसा, वैतरणेचे पाणी मुंबईला जाते आणि उन्हाळ्यात आमच्याच पाड्यांवर टँकरची वाट पाहिली जाते. पाण्याच्या ओझ्याचा काच इथे कोशात शोधावा लागत नाही.

फायबर घरात आणताना हे दोन काच समोरासमोर येतात. जोडणीला आलेला मुलगा पहिली ताकीद देतो ती ‘वाकवू नका, लॉस येईल’ अशी. वळण आवळले की प्रकाश गाभ्यातून बाहेर फुटतो. एका घरात खिडकीच्या सरकत्या झडपेने वायर चेपली होती. त्याने टोकाला तांबड्या उजेडाचे पेन लावले, खोलीतला दिवा घालवला, आणि नेमक्या चेपलेल्या जागी वेष्टणातून लाल ठिपका दिसू लागला. प्रकाशाची पॉवर उणे २९ डीबीएम येत होती. वायर सोडवून पुन्हा मोजली तर उणे २१. फायबर जिथे संपतो त्या घरच्या डबीला साधारण उणे २७ च्या खाली दिसेनासे होते. स्त्रीलिंगी काचेला पुल्लिंगी काच सोसत नाही, हे मी त्याला सांगितले. तो ‘हो काका’ म्हणाला आणि पुढच्या घरी गेला.

बाहेरचा तंतू असा नाजूक, तर घरातली वायर पिळाची. फायबर येण्याआधी लोक नवा राउटर आणतात आणि भिंतीतली जुनी वायर तशीच ठेवतात. मग वेग शंभरावर अडतो आणि शिव्या कंपनीला बसतात. कारण वायरीत असते. तिच्या आत आठ तारा चार जोड्यांनी पीळ घातलेल्या असतात. शंभर एमबीपीएसला दोन जोड्या पुरतात, म्हणून जुन्या कामात बरेचदा तेवढ्याच टोकाला लावलेल्या असतात. गिगाबिटला चारही लागतात. पीळ हा शोभेचा नाही. दोन तारा एकमेकींभोवती फिरल्या की बाहेरचा खरखराट दोघींवर सारखाच पडतो आणि पलीकडे वजा होतो. शब्द √पीड् मधला, दाबणे, पिळून काढणे; ड चा ळ झाला, जसा गुडाचा गूळ आणि षोडशचे सोळा. सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही ही म्हण आपण हट्टी माणसाला लावतो. वायर जोडणाऱ्याला मात्र ती सूचना म्हणून द्यावी, कारण टोक बसवताना पीळ फार उलगडला की वायर महागातली असूनही उपयोग नाही.

या वायरीच्या व्यवस्थेला इथरनेट म्हणतात. १९७३ साली रॉबर्ट मेटकाफ यांनी हे नाव दिले, सर्वव्यापी मानलेल्या आणि पुढे नसलेल्या ठरलेल्या ईथरवरून. ईथरच्या मुळाशी ग्रीक ‘जळणे, लखलखणे’ आहे, आणि त्याचा संस्कृत सोयरा √इध्. म्हणजे इंधन आणि समिधा ही ईथरची भावंडे. वाय-फायबद्दल एवढेच की ते कशाचेही लघुरूप नव्हते. नाव आधी ठरले आणि ‘वायरलेस फिडेलिटी’ हा अर्थ त्याला मागून चिकटवला गेला. आपला ‘बिनतारी’ त्याहून कुलवान आहे: ‘बिन’ संस्कृत ‘विना’तला, तार फारसी.

राउटरमधला ‘रूट’ लॅटिन ‘रुप्ता’मधून आला. पूर्ण रूप ‘व्हिया रुप्ता’, फोडलेली वाट. रान तोडून, खडक फोडून काढलेली. थळ घाट ज्यांनी पाहिला आहे त्यांना याचा अर्थ समजवावा लागणार नाही. मुंबईहून आग्र्याकडे जाणारा प्रत्येक रस्ता तिथे रुप्ता झाला आहे. या ‘रुप्’चा संस्कृत भाऊ √लुप् मानतात, तोडणे, मोडणे, त्यातून आपला ‘लुप्त’. ज्यांनी राउटर लोखंडी कपाटामागे ठेवला आहे त्यांना हे नाते रोज अनुभवाला येत असेल. मराठीत या यंत्राला ‘वाटाड्या’ म्हणायला हरकत नव्हती. घाट उतरताना पुढे चालणारा, कोणत्या फाट्याला वळायचे ते जाणणारा. पण आता उशीर झाला.

नेट आणि जाळे यांत मात्र मराठीची एक गंमत आहे. संस्कृतात कोष्ट्याला ‘तंतुवाय’ म्हणतात, आणि कोळ्यालाही, म्हणजे आठ पायांच्या कोळ्याला. धागा काढतो तो विणकर, असा तिथला हिशेब. मराठीने त्याच प्राण्याकडे पाहिले आणि त्याला ‘कोळी’ म्हटले, भातसेच्या पात्रात पाग टाकणाऱ्या माणसाचेही नाव तेच. जणू एकाला तंतू दिसला, दुसऱ्याला जाळे. सध्या घरात येते आहे ती वस्तू या दोन्ही नजरांना एकदमच पटावी अशी आहे: बाहेरून तंतू, आतून जाळे. शिवाय मराठीत ‘नेट’ आधीपासून होताच, जोर आणि चिकाटी या अर्थाचा. ‘नेट लावून अभ्यास कर’ हे वाक्य वीस वर्षांपूर्वी आणि आज पोरांच्या कानात सारखे पडत नसणार.

एक कोडे वाचकांसाठी ठेवतो. परका शब्द मराठीत आला की बहुधा जवळच्या देशी शब्दाचे लिंग घेतो. वायर आणि केबल स्त्रीलिंगी झाल्या त्या तारेमुळे असाव्यात. इंटरनेट नपुंसक, जाळ्याच्या वळणाने. फायबरचे अजून ठरलेले नाही. आमच्या आळीत एका दारातून ‘फायबर आला का हो?’ ऐकू येते आणि समोरच्या दारातून ‘फायबर आलं का?’ पहिल्याच्या मनात धागा असावा, दुसऱ्याच्या मनात नेट. जोडणीवाली मुले ‘आला’ म्हणतात, कारण त्यांच्या हातात तो धागा असतो; पैसे भरणारे ‘आलं’कडे झुकताना दिसतात. ‘फायबर आली’ असे मात्र मी अजून कुठे ऐकलेले नाही. मुरबाडकडे कोणी ऐकले असल्यास कळवावे.